थोरल्या भावाच्या नावाचा तक्ता

लालासाहेब कोळेकर यांच्याइतका शिस्तीचा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि त्यांनी रचलेल्या माहितीसाठ्याइतकी शास्त्राला सोडून असलेली रचनाही दुसरी नाही. या दोन विधानांत विरोध नाही, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

मी सांगलीच्या एका महाविद्यालयात सांख्यिकी शिकवीत असे. निवृत्तीनंतर पलूस येथील एका पशुआरोग्य संस्थेचा विश्वस्त झालो. जत-आटपाडीच्या कोरड्या मुलखातून दिवाळीनंतर मेंढपाळ कुटुंबे कृष्णाकाठाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. माणसे, मेंढ्या, घोडी व कुत्री मिळून जो फिरता संसार होतो त्याला वाडा म्हणतात. लेंडीखतासाठी शेतकरी त्याला ज्या शेतात उतरवून घेतो तो त्याचा तळ. कोणता वाडा कोणत्या तळावर आहे, मेंढ्या किती, आजारी किती, एवढे कळले की आमचा पशुवैद्य लसी घेऊन वेळेवर पोहोचतो. ही माहिती जमवून संगणकात ठेवण्याचे काम लालासाहेबांकडे होते.

ते स्वतः त्याच समाजातले. जतकडच्या एका वाड्यावर वाढले, शाळा जेमतेम करून सैन्यात गेले, सिग्नल दलात कारकून झाले आणि तेथेच संगणक शिकले. निवृत्तीनंतर पलूसला थोडी बागायत घेऊन त्यांनी ऊस लावला. कार्यालयात येताना सदऱ्याला इस्त्री, बुटांना पॉलिश. खुर्चीवर बसण्यापूर्वी खुर्ची टेबलाला काटकोनात करून घेत. अशा माणसाशी माझे जमावे यात नवल नव्हते. वाद झाला तो पहिल्याच आठवड्यात आणि तोही तत्त्वाचा.

त्यांनी प्रत्येक वाड्यासाठी स्वतंत्र तक्ता केला होता आणि तक्त्याला वाड्याच्या प्रमुखाचे नाव दिले होते. मी म्हणालो, "लालासाहेब, सगळ्या वाड्यांचा मिळून एकच तक्ता करा. प्रमुखाचे नाव त्यातल्या एका रकान्यात येईल. शास्त्र हेच सांगते."

"शास्त्र बरोबरच आसंल, सर. पर एका वाड्याची बकरी दुसऱ्याच्या जाळीत कोंडत न्हाईत." मेंढ्यांना ते बकरीच म्हणत; रात्री कळप कोंडण्याचे दोरीचे कुंपण म्हणजे जाळी.

"अहो, इथे बकरी कुठे आहेत? इथे आकडे आहेत."

"आकडं बी बकऱ्यांचंच हायत की."

त्यांच्या पद्धतीने काम चोख होत होते, म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही.

तक्त्यांच्या नावांचा नियम मात्र सांगायला हवा, कारण पुढचे सारे त्यावर आधारलेले आहे. आपल्या देवनागरीत लहान अक्षर आणि मोठे अक्षर असा भेद नाही. तक्त्यांची नावे इंग्रजी लिपीत होती आणि त्या लिपीत तो आहे. आमच्या संगणकातली व्यवस्था अशी होती, की नाव नुसते लिहिले तर ती सगळी अक्षरे लहान करून घेत असे. तुम्ही मोठे लिहा की लहान, तिला सारखेच. पण तेच नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले, तर ती ते जसेच्या तसे ठेवी, मोठे अक्षर मोठेच राखी, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी तसेच, चिन्हांसकट लिहिले तरच ओळख देई. लालासाहेबांनी सर्व वाड्यांची नावे नुसती, लहान अक्षरांत ठेवली होती. अपवाद एकच. भाऊसो हे नाव त्यांनी पहिले अक्षर मोठे करून अवतरणचिन्हांत घातले होते.

भाऊसो म्हणजे त्यांचे थोरले बंधू. वडिलांच्या पश्चात कळपाची वाटणी झाली तेव्हा लालासाहेब सुट्टीवर आलेले होते. आपल्या वाट्याच्या मेंढ्या त्यांनी भावाच्या हवाली न करता परगावच्या व्यापाऱ्याला विकल्या. तो व्यापारी त्या मेंढ्या पाळण्यासाठी घेत नव्हता, हे वेगळे सांगायला नको. आईने हाताने वाढवलेली कोकरे त्यात होती. भाऊसो म्हणाले, "आजपासनं माज्या तळावर पाय ठिवू नगंस." आणि कोळेकरांच्या घरातली रीत अशी, की मज्जाव करणाऱ्याच्याच तोंडून बोलावणे आल्याशिवाय तो उठत नाही.

हे मला लालासाहेबांनी एकदाच सांगितले, तेही मी विचारले म्हणून. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ हाताने टंकीत. अवतरणचिन्ह, मोठे अक्षर, उरलेले नाव, पुन्हा अवतरणचिन्ह. उत्तर येई: नोंदी शून्य. मग ते ती ओळ पुसून इतर वाड्यांकडे वळत.

"या एकाच नावाला हा थाट का?" मी विचारले होते.

"थोरला हाय, सर. लहानपणापास्नं त्याचं नाव त्वांडानं घेतलं न्हाई, दादाच म्हटलं. फौजेत सायबाचं नाव मोठ्या अक्षरात टाकायचं शिकिवलंय. मग दादाचं नाव सगळ्यांच्या वळीत बारक्या अक्षरात कसं टाकू?"

"पण त्यांचा वाडा आपल्याकडे नोंद कुठे देतो?"

"देत न्हाई. दील कवातरी. जागा करून ठेवलीया."

त्या काळी वाड्यांचे फोन लालासाहेब स्वतः घेत. फोन त्यांनी उचलायचा म्हणजे भाऊसोंकडून तो येणे शक्यच नव्हते. दोन वर्षांपूर्वी वाड्यांची संख्या वाढली आणि संस्थेने फोनला यंत्र जोडून घेतले. ते काम सोनिया नावाच्या मुलीने केले. ती कडेगावची, सांगलीच्या एका कंपनीत नोकरीला. चलाख आणि कामात नेटकी. तळावरून कोणीही नंबर लावला की यंत्रातून तीन प्रश्न येत. गावाचा पिनकोड, मेंढ्यांची संख्या, आजारी किती. दाबलेले आकडे त्या त्या वाड्याच्या तक्त्यात आपोआप जात. लसीकरणाच्या शिबिरात मोबाइल नंबर आणि वाडाप्रमुखाचे नाव नोंदवले की झाले. अहवालाचे काम मात्र लालासाहेबांनी आपल्याकडेच ठेवले. रंगीत पडद्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी स्वतः लिहिलेल्या ओळी तक्त्यांतून आकडे काढीत आणि त्यांत थोरल्या भावाचे नाव अर्थातच चिन्हांसकट होते. तेथे शून्य येत राहिले.

यंदा माघात संस्थेने नवा संगणक घेतला. जुन्यातले सगळे नव्यात हलवण्यासाठी सोनिया पलूसला आली. आम्ही तिघे कार्यालयात होतो. तिने सगळ्या तक्त्यांची नावे पडद्यावर ओळीने काढली आणि म्हणाली, "काका, भाऊसो नावाचे दोन वाडे आहेत का हो?"

"एकच हाय."

"मग तक्ते दोन कसे? एक मोठ्या अक्षराचा, तो रिकामा आहे. आणि एक लहान अक्षराचा, तो भरलेला आहे."

लालासाहेब खुर्चीवरून उठले. खुर्ची तिरपी राहिली.

घडले होते ते असे. कोणत्या तरी शिबिरात भाऊसोंच्या वाड्याचा मोबाइल नोंदवला गेला होता. पहिला फोन आला तेव्हा यंत्राने त्या नावाचा तक्ता शोधला, पण अवतरणचिन्हे न लावता, म्हणजे लहान अक्षरांत. तसा तक्ता नव्हता. सोनियाने यंत्राला सांगून ठेवले होते, की तक्ता नसेल तर नवा करून घे. यंत्राने नवा केला आणि तेव्हापासून भाऊसोंच्या सर्व नोंदी त्यात जात राहिल्या. दोन भावांच्या मध्ये त्या यंत्राने नकळत दोन घरे उभी केली होती. थोरला एका घरात बोलत होता आणि धाकटा दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर रोज सकाळी कान लावून बसत होता.

सोनियाने नोंदी उघडल्या. लालासाहेब पिनकोड मोठ्याने वाचू लागले. सैन्यातल्या टपालाची सवय. आकडा पाहिला की गाव त्यांच्या तोंडी येई. विटा. कडेगाव. ताकारी. आणि मग ते थांबले.

"ह्यो आमचा."

बाकीच्या तळांवर वाडा दोन-तीन रात्री टेकून पुढे गेला होता. पलूसच्या शिवारात मात्र तो हलायला तयार नव्हता. यंदा तसेच, गेल्या वर्षीही तसेच. त्या दिवसांत रोज एक नोंद होती. खरे पाहता तळ बदलला तरच नोंद द्यायची असते.

"सर," लालासाहेब म्हणाले, "हितनं सायकलीनं गेलो आसतो."

सोनियाचा चेहरा उतरला. "काका, चूक माझी आहे. नसलेला तक्ता गुपचूप तयार न करता मी आधी विचारायला हवं होतं."

"न्हाई बाळ. तू सगळ्यांला एक नेम लावलास. येगळं मीच केलं हुतं." एवढे बोलून ते खाली बसले आणि रिकामा तक्ता काढून टाकण्याची ओळ त्यांनी स्वतः टंकली. अवतरणचिन्ह, मोठे अक्षर, उरलेले नाव, पुन्हा अवतरणचिन्ह. कळ दाबण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. एका नावाचे दोन तक्ते ठेवता येत नाहीत हे खरे. पण त्या क्षणी शास्त्र माझ्या बाजूने आहे याचे मला काही समाधान वाटले नाही.

शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची होती, कऱ्हाडच्या अलीकडची. मी म्हणालो, "उद्याच निघू. माझी गाडी आहे."

"बोलावल्याबिगर न्हाई, सर."

"अहो, दोन वर्षे त्यांनी दुसरे काय केले?"

"आकडं धाडलं. ये म्हटलं न्हाई." मग ते सोनियाला म्हणाले, "ह्या मशिनीत आणिक एक सवाल बसंल का? फकस्त त्याच्याच नंबराला?"

एकाच नंबरासाठी वेगळी सोय करणे व्यवस्थेच्या दृष्टीने अयोग्य होते, आणि अशा सोयीतूनच आताचा घोटाळा उद्भवला होता. विश्वस्त म्हणून मी हरकत घ्यायला हवी होती. मी खिडकी लावून घेतली, बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज येऊ नये म्हणून. लालासाहेबांनी सोनियाच्या मोबाइलमध्ये आपल्या आवाजात प्रश्न बोलून दिला. बोलताना ते उभे राहिले होते.

"दादा, मी लाला. तळावर आलो तर चालंल का? चालत आसंल तर एक दाब. न्हाईतर शून्य."

नोंद आली तिसऱ्या दिवशी. पिनकोड, मेंढ्या, आजारी. चौथा रकाना रिकामा.

"न्हाई म्हणतुय," लालासाहेब म्हणाले.

"नाही म्हणायचे असते तर शून्य आले असते. रिकामा म्हणजे उत्तरच आलेले नाही. या दोहोंत फार फरक आहे, लालासाहेब. वर्गात मी हा फरक जन्मभर शिकवला आहे."

"वर्गात आसंल, सर."

त्यानंतरच्या तळावरूनही चौथा रकाना रिकामाच आला. लालासाहेब आपल्या वेळेवर येत, वेळेवर जात. फक्त काम करता करता त्यांचा हात थांबे आणि ते दाराकडे पाहत राहत. त्या दारातून कोणी यायचे नव्हते. कारखान्याचा हंगाम जोरात होता, उसाच्या गाड्या रस्त्याने चालल्या होत्या. स्वतःच्या उसाला तोड आली त्या दिवशीसुद्धा ते शेतावर न जाता संगणकासमोर बसून राहिले.

एका सकाळी मी कार्यालयात शिरलो तर ते पडद्यासमोर उभे होते. पिनकोड उंब्रजचा होता. चौथ्या रकान्यात एक होता.

सोनियानेही येण्याचा हट्ट धरला. उंब्रजच्या पुढे, ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात वाडा उतरला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तळ मोडायची घाई चालली होती. दोन घोड्यांवर बोजे चढले होते. बोजा आवळणारी बाई आम्हाला पाहून थांबली. त्या धोंडुबाई, भाऊसोंच्या पत्नी. लालासाहेब बांधावरच थबकले.

"आवं, भावजी आलं!" धोंडुबाई ओरडल्या.

घोड्यांच्या पलीकडून एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ आले. खांद्यावर घोंगडे, हातात काठी. त्यांनी धाकट्या भावाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"आलास व्हय. मशिनीतनं लय ग्वाड बोलतुयास. रेडिओवर घेत्यात का बग."

"दादा, तळावर येऊ?"

"एक दाबला न्हवं? आता काय पत्रिका छापू?"

लालासाहेब बांध उतरून गेले आणि पाया पडले. भाऊसोंनी काठी दुसऱ्या हातात घेतली, पण रिकामा झालेला हात तसाच हवेत राहिला.

"दोन वर्सं ही धोंडी आकडं दाबतीया. परत्येक तळाला गावात पोरांला पिन इचारून. तुज्या शिवारात तर पंधरवडा पंधरवडा बसलो. मालक म्हणतुय, आता रान लय खतावलं, जावा की म्हातारबा. आन तू आला न्हाईस."

"मला दिसलंच न्हाई, दादा. तुझं नाव मी मोठ्या अक्षरात घातलं हुतं, चिन्हात. मशिन बारक्या अक्षरात शोधीत हुतं. त्येनं दुसराच तक्ता केला आन तुझं आकडं तिकडं जात ऱ्हायलं."

भाऊसोंनी हे ऐकून घेतले आणि सोनियाकडे वळले. "पोरी, तू शिकल्याली दिसतीस. ह्यो खरं बोलतुय का?"

"खरं आहे, आजोबा. मशीन मीच बसवलं."

"मोठं अक्षर कशापायी रं घातलंस?"

"थोरला हायेस म्हणून."

"गाढवा," भाऊसो म्हणाले, "थोरल्याला पंगतीत पयला बसवत्यात. तू पंगत सोडून येगळ्या खोलीत पाट मांडलास. आन वाट बघत बसलास, म्हातारा जेवायला का यीना म्हणून!"

धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी मात्र मनात म्हटले, की तक्त्यांच्या नावांचा तो नियम इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आला नसता.

"मग चौथ्या सवालाला इतकं दिस का लावलंस?" लालासाहेबांनी विचारले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"त्यो दोष माजा, भावजी," धोंडुबाई म्हणाल्या. "मला काय म्हाईत मशिनीत आजून सवाल हाय! मी आपली तीन आकडं दाबून फोन ठिवायची. त्या दिवशी हात पिठात हुतं, म्हणून ह्यास्नी दाबायला लावलं. तर हे एकदम वरडलं, धोंडे, मशिनीत लाला बोलतुय! फोन हातातनं पडला. मग उचलून एक दाबला, आन परत मलाच इचारत्यात, लागला का गं एक, का दोन लागला?"

"गप बस," भाऊसो म्हणाले.

मेंढ्या जाळीत कोंडलेल्या होत्या आणि त्यांच्या ओरडण्याने रान भरून गेले होते. लालासाहेब जाळीपाशी गेले आणि एका काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"आईच्या कोकरांच्या वंशातली हाय," भाऊसो म्हणाले. "बग तरी वळकतुस का. तू इकलीस ती समदी न्हवती."

"दादा, फुडल्या साली पलूसला आलास की माज्याच रानात बसीव."

"फुडल्या साली न्हाई रं. औंदाचा शेवटचा फेरा. दोन्ही पोरं पुण्याला, सुना तळावर येईनात. माजं गुडघं बी म्हणत्यात पुरं. पाव्हण्याच्या वाड्यात घालणार हाय बकरी. गाव लागलं की."

लालासाहेबांचा हात मेंढीच्या पाठीवरून उचलला गेला. दोन वर्षे हा वाडा त्यांच्या दाराशी येऊन बसत होता; आता त्यांना तो सापडला, तर त्याचा रस्ता पावसाळ्यापाशी संपत होता.

"मला दे. मी संबाळतो."

"तुज्यात ऊस हाय. बकरी काय साखर खाऊन जगवतुस?"

लालासाहेबांनी जाळीची एक मेख उपटून पाहिली, पुन्हा ठोकली. मग म्हणाले, "एक तळ चालू का तुज्यासंगं? आजचा."

भाऊसोंनी त्यांच्या बुटांकडे पाहिले. "त्ये काढ आदी. बकरी बुजत्यात."

लालासाहेबांनी बूट काढले, मोजे नीट घडी करून त्यांत घातले आणि जोडी माझ्या हातात दिली. धोंडुबाईंनी बोज्यातून जुनी वहाण काढून दिली. ती त्यांना मोठी होत होती.

जाळी उघडली आणि कळप रस्त्यावर आला. त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस उभा होता. अशा वाटेने मेंढ्या न्यायच्या तर दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागतो, नाहीतर त्या पिकात शिरतात आणि शेतकरी काठी घेऊन धावतो. भाऊसो डावीकडून निघाले. त्यांनी वळून न पाहता काठीने उजवी बाजू दाखवली. लालासाहेब त्या बाजूला झाले.

आमची गाडी मागे होती. पुढे जायला वाट नव्हती आणि ती शोधावी असे आम्हा दोघांनाही वाटले नाही. मधे एवढा मोठा कळप आणि त्याचा कोलाहल. दोन भावांना एकमेकांशी बोलणे शक्य नव्हते. लालासाहेबांची मान मात्र पुन्हा पुन्हा डावीकडे वळत होती. एक मेंढी उसाकडे झुकली तेव्हा त्यांनी तोंडाने हाक घातली. ती पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा जमली. पलीकडून भाऊसोंनी तशीच हाक दिली, आणि मेंढी कळपात परतली. पुढे रस्ता वळला. उसाच्या आड आधी थोरला दिसेनासा झाला आणि मग धाकटा, पायातली सैल वहाण सावरीत, भराभर चालत.